झोपाळ्याखालचे पाणी

विलायतेस जाऊन आलेल्या मनुष्याने लंडनचे वर्णन करावयाचे, हा आपल्याकडील फार दिवसांचा परिपाठ आहे. थेम्स नदी, राजवाडा, पदार्थसंग्रहालय आणि मेणाचे पुतळे ही सर्व आम्हीही पाहिली, आणि ती पाहण्यासारखी आहेत ह्यात शंका नाही. परंतु त्यांविषयी इतके लिहिले गेले आहे की, मी त्यात नवी भर ती काय घालणार? म्हणून ज्या स्थळाचे नाव कोणत्याही प्रवासमार्गदर्शिकेत सापडावयाचे नाही, अशा एका स्थळाची हकीकत आज सांगावयाचे मनात आहे. ते स्थळ म्हणजे सुमारे अडीचशे उंबऱ्यांच्या एका इंग्रजी खेड्यातील मुलांचे खेळाचे मैदान होय.

आमची मुलगी आणि जावई इंग्लंडच्या मध्यभागी नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात, केटरिंग शहरापासून काही मैलांवर राहतात. 2022 च्या एप्रिल महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे सहा महिन्यांच्या परवान्यावर गेलो. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. लहान गावात माणसे चटकन ओळखू येतात, आणि तेथील मंडळी माझ्याशी जे बोलली ते छापून यावे म्हणून बोलली नव्हती.

ह्या परगण्यात लोखंडाचा अंश असलेला एक तांबूस दगड निघतो. मध आणि गेरू ह्यांच्या दरम्यानचा त्याचा रंग आहे. जुनी घरे सारी त्या दगडाची. त्यामुळे सायंकाळचे ऊन पडले म्हणजे गावच्या गाव नुकते भट्टीतून काढल्यासारखे दिसते. मध्यभागी निमुळत्या शिखराचे चर्च, त्याच्या अलीकडे प्राथमिक शाळा, पलीकडे गावाचे सभागृह, आणि कोपऱ्यावर बिअरचे जुने दुकान, जेथे रात्री निम्मा गाव जमतो. किराणा मालाचे एकुलते एक दुकान आम्ही जाण्यापूर्वीच बंद पडले होते. मोटारी पुष्कळ, रस्त्यावर माणूस मात्र दिसत नाही. पहिले आठ दिवस मी खिडकीत बसून मोजीत असे. सकाळच्या दोन तासांत कुत्री पाच आणि त्यांच्याबरोबरची माणसे पाच, एवढाच हिशेब लागे.

मग माझ्या ध्यानात आले की, ह्या गावात माणूस माणसाला भेटते ते शाळेच्या फाटकाशी आणि खेळाच्या मैदानावर. आमची नात तेव्हा सात वर्षांची होती. तिला घेऊन मी रोज चार वाजता तेथे जाऊ लागले.

मैदानाच्या फाटकाला दोन दगडी खांब आहेत. एकावर सिंहाचे चित्र कोरलेली पाटी आणि दुसऱ्यावर एकशिंगी घोड्याची. पाचवा जॉर्ज 1936 साली वारला, तेव्हा त्याच्या स्मारकासाठी जो निधी जमला त्यातून गावोगावी खेळाची मैदाने करावी असे ठरले. अशी 471 मैदाने ब्रिटनभर झाली, आणि ती खेळाखेरीज दुसऱ्या कामास लावू नयेत अशी व्यवस्था करून ठेविली आहे. आपल्या मुंबईतील त्या राजाचे पुतळे कोठे कोठे हलविले गेले ते आपण जाणतोच. मैदानांना ती भीती नाही.

फाटक एवढे राजेशाही, पण आत पाहावे तर निराशा. एक उंच लोखंडी सांगाडा, त्यास दोन झोपाळे. एक पत्र्याची घसरगुंडी. एक सीसॉ, त्याची एक मूठ तुटलेली. आणि गोल फिरणारे एक चक्र, जे साखळी घालून बंद करून ठेविले होते. पलीकडे गवताच्या पट्ट्यावर चेंडूच्या खेळाचे एक लोखंडी गोल. परंतु सर्वांत नाव घेण्यासारखी गोष्ट म्हणजे झोपाळ्याखालचे डबके. मुलांचे पाय घासून घासून जमिनीला तेथे बशीसारखा खळगा पडलेला, आणि माती पक्की चिकणमाती. एप्रिलचा पाऊस एकदा पडला की ते पाणी आठ आठ दिवस हलत नसे. मुले गुडघाभर रबरी बूट घालून येत आणि झोका थांबवावयाचा झाला म्हणजे पाय खाली न टेकता उडी मारून पलीकडे पडत.

माझे बालपण कोकणातले. माजघरातील कडीपाटाचा झोपाळा हे आमच्या घराचे हृदयच होते म्हणा ना. आजोबांची वामकुक्षी, आईचे निवडणे-टिपणे आणि आम्हा पोरांची भांडणे सर्व त्यावर. त्यामुळे कोरडा असूनही पाण्यावर लोंबणारा झोपाळा पाहून मला उगीचच वाईट वाटे.

मे महिन्याच्या आरंभी दाराच्या फटीतून एक कागद आत आला. गावच्या पॅरिश-पंचायतीने कळविले होते की, खेळाच्या मैदानाची सुधारणा करण्याचा विचार आहे, तरी ग्रामस्थांनी वार्षिक सभेस येऊन आपले म्हणणे सांगावे. ही पॅरिश-पंचायत म्हणजे इंग्लंडातील राज्यकारभाराची सर्वांत खालची पायरी. 1894 च्या कायद्याने ती अस्तित्वात आली. सभासदांस वेतन नाही. पगारी असा एक चिटणीस, तोही अर्धवेळ. आणि दर वर्षी 1 मार्च ते 1 जून ह्यांच्या दरम्यान गावातील सर्व मतदारांची एक सभा झालीच पाहिजे असा निर्बंध आहे. आपल्या ग्रामसभेचीच ही विलायती बहीण. फरक इतकाच की आपल्या महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असे कायदा सांगतो, तसे तेथे नाही. ती वेगळी सभा आपल्याकडे किती गावांत मनापासून भरते, हा प्रश्न मी येथे काढीत नाही.

मी मुलीला म्हटले, “तू जाणार ना?”

ती म्हणाली, “अगं आई, आपण उपरे. चार वर्षं झाली आम्हाला इथं येऊन. इथं पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं आहेत. त्यांच्या मैदानात आपण काय सांगायचं?”

हे बोलणे मला लागले. मुलगी येथे दोन पदव्या घेतलेली, रुग्णालयात जबाबदारीची जागा सांभाळणारी. पण गावाच्या सभेचे नाव काढताच तिचा आवाज खाली गेला. ह्यावर उत्तर जावयांनी दिले. राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर वास्तव्य करून असतात त्यांना तेथील निवडणुकांत मत देता येते, त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व घ्यावे लागत नाही. भारताचे पारपत्र बाळगणारी आमची मुलगी आणि जावई दोघेही गावच्या मतदारयादीत होते. “म्हणजे कायद्यानं तू उपरी नाहीस,” असे म्हणून त्यांनी विषय संपविला. तिचा संकोच मात्र तेवढ्याने संपला नाही; ती आली, ती बरीचशी मी आणि हे जाणारच असे दिसले म्हणून.

सभागृहात पन्नासएक माणसे असतील. चहा आणि बिस्किटे आधी, कामकाज मागून. हा क्रम मला आवडला. अध्यक्षीण बाईंनी प्रथम तपासनिसाचा अहवाल वाचून दाखविला. खेळाच्या साधनांची दर वर्षी तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते, नाही तर विमा कंपनी हात वर करते. युरोपात ह्या साधनांसाठी प्रमाणे ठरलेली आहेत. मूल किती उंचीवरून पडू शकते त्यावर खालची जमीन किती मऊ असावी हे ठरते, आणि तीन मीटरांहून अधिक उंचीवरून पडण्याची शक्यता असलेले साधन ठेवूच नये असे ती सांगतात. आमच्या मैदानातील चक्र बाद, सीसॉ बाद, घसरगुंडीच्या पायऱ्या बाद. झोपाळ्याचा सांगाडा मात्र तपासनिसाने ठोकून पाहिला आणि ‘उत्तम’ असा शेरा दिला.

मग पैशांची गोष्ट निघाली. पंचायतीस घरपट्टीतून जो हिस्सा मिळतो तो गवत कापण्यात आणि दिव्यांत संपतो. गावाबाहेर नवी घरे बांधणाऱ्या ठेकेदाराकडून परवानगीच्या अटीप्रमाणे काही रक्कम यावयाची होती. उरलेली लॉटरीच्या निधीतून आणि गावच्या वर्गणीतून उभी करावयाची. एका तरुण आईने सुचविले की, आम्ही मातांची समिती हे सर्व विकत घेते. तेव्हा चिटणीसांनी समजावून सांगितले की, समितीने खरेदी केली तर शेकडा वीस व्हॅट भरावा लागेल आणि तो बुडीत जाईल. पंचायतीने केली तर तो सरकारकडून परत मागता येतो. म्हणून पैसे कोणीही जमवा, पावती मात्र पंचायतीच्या नावाची हवी. हा मुद्दा ह्यांना इतका पटला की त्यांनी तो तेथल्या तेथे डायरीत टिपून घेतला.

त्यानंतर जो तो आपापले सांगू लागला. कोणाला दोरांचा मनोरा हवा, कोणाला तारेवरून सरकत जाण्याची गंमत हवी. कुंपणाला लागून ज्यांचे घर, ते एक वृद्ध गृहस्थ उठले. त्यांचे म्हणणे असे की, मुलांविषयी त्यांची तक्रार नाही. परंतु ते लोखंडी गोल त्यांच्या शयनगृहाच्या भिंतीकडे तोंड करून आहे, आणि चेंडू त्यावर आपटला की घरात हातोडा पडल्यासारखा आवाज येतो. पत्नी आजारी असते. मागील रांगेतून कोणी तरी “मुले म्हटली की आवाज व्हायचाच” असे पुटपुटले. म्हातारबोवा खाली बसले आणि मग सभा संपेपर्यंत बोलले नाहीत. मला वाटते, गावकीचे निम्मे निर्णय अशा पुटपुटण्याने होत असतील, तिकडेही आणि इकडेही.

एका बाईंचा मुलगा चाकाच्या खुर्चीवर असे. आमच्या नातीच्याच वर्गातला. त्या उभ्या राहिल्या नाहीत, बसल्या जागेवरून एवढेच म्हणाल्या की, झोपाळा कोणता घ्यावा हे मागून ठरवा. आधी त्याला फाटकातून झोपाळ्यापर्यंत येता येऊ द्या. फाटकापासून झोपाळ्यापर्यंत नुसते गवत होते आणि त्या चिखलात चाके रुतत. इतकी वर्षे तो मुलगा फाटकाबाहेरून पाहत आला होता, आणि आम्ही त्याच फाटकातून रोज आत जात होतो. माझ्याही ध्यानात ते आले नव्हते.

अखेरीस “आणखी कोणास काही सांगावयाचे आहे काय?” असे अध्यक्षीण बाईंनी विचारले, आणि आमचे हे उभे राहिले. माझ्या छातीत धस्स झाले. मुलीने डोळे मिटले. ह्यांनी आधी आपण मतदार नसून पाहुणे आहोत असे सांगून बोलण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसास झोपाळा दिसत नाही, त्याखालचे पाणी दिसते. हे म्हणाले की, आपण रोज फिरावयास जाताना मैदानाचा उतार पावलांनी पाहिला आहे. वरच्या शेताचे पाणी मैदानात उतरते आणि झोपाळ्यापाशी अडते, कारण तेथे जमीन बसकी आहे. ह्याच चिकणमातीवर उद्या महागाचे रबर अंथरले तरी ते खालून फुगेल. तेव्हा वरच्या कडेने खडी भरलेला एक चर खणून पाणी बाजूच्या ओढ्यात काढावे आणि मगच वरच्या कामास हात घालावा.

क्षणभर कोणी बोलले नाही. मग बांधावरच्या शेताचे मालक असलेले एक गृहस्थ म्हणाले की, असा चर पूर्वी होता. त्यांच्या वडिलांच्या वेळी तो बुजला. मुलीने डोळे उघडले. परत येताना ती शेजारणीशी बोलत आमच्या पुढे चालली होती, आणि तिचा आवाज मला मागे ऐकू येत होता.

मुलांचे मत घेण्याचे काम शाळेत झाले. तीन कारखानदारांकडून तीन आराखडे मागविले होते, ते शाळेच्या भिंतीवर लावले, आणि प्रत्येक मुलास रंगीत कागदाच्या तीन टिकल्या दिल्या. जे आवडेल त्यावर टिकली चिकटवावयाची. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क-संहितेत मुलांच्या खेळण्याचा हक्क एका कलमात आहे आणि आपल्याशी संबंध असलेल्या गोष्टींत मत सांगण्याचा हक्क दुसऱ्यात. आपल्या देशानेही 1992 साली ती संहिता मान्य केली. त्या जाडजूड संहितेचा अर्थ टिकल्यांत उतरलेला पाहून मौज वाटली. मोठ्यांनी सुचविलेल्या दोरांच्या मनोऱ्यावर बऱ्याच टिकल्या होत्या. परंतु मुलांनी आराखड्यात नसलेल्या गोष्टीही कागदावर लिहिल्या होत्या: लपावयास झुडपे, एक मातीचा ढीग, आणि “ते डबके ठेवा”. डबके ठेवा म्हणणारी चार मुले निघाली, हे मी ह्यांना बरेच दिवस सांगितले नाही.

आमच्या नातीने तिन्ही टिकल्या एकाच जागी लावल्या. ते एक नवीन प्रकारचे झोपाळे होते. दोरखंडाने विणलेली मोठी वाटोळी टोपली, चार बाजूंनी साखळ्यांवर टांगलेली. तीत तीन-चार मुले एकदम बसू शकतात किंवा एखादे आडवे झोपू शकते. ज्या मुलास पाठ ताठ ठेवून बसता येत नाही त्यालाही तीत झोका मिळतो. मी नातीला विचारले, “तिन्ही टिकल्या इथंच का गं?”

“त्यात तू मावशील, आजी,” ती म्हणाली. बाकीच्या झोपाळ्यांवर मी मावत नाही हे तिने पाहून ठेविले होते.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींस कोणी टिकल्या दिल्या नव्हत्या, कारण त्या दुसऱ्या गावच्या माध्यमिक शाळेत जात. सभेच्या दिवशी दोघी मागे उभ्या होत्या. एकीला विचारले तेव्हा ती म्हणाली की, आम्हाला वर छप्पर असलेली, समोरासमोर बसता येईल अशी जागा हवी, आणि ती चेंडू खेळणाऱ्या मुलांच्या समोर नको. ही मागणी क्षुल्लक वाटेल. परंतु ह्या विषयाचा अभ्यास झालेला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना शहरात असे आढळले की, नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुली उद्यानांतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र राहतात. तेव्हा तेथील नगरपालिकेने दोन उद्याने नव्याने आखली. एक मोठे मैदान सलग न ठेवता लहान लहान जागांत विभागले, पायवाटा आणि बैठकी वाढविल्या, आणि मुली परत येऊ लागल्या. वाचकभगिनींना ह्यात नवल वाटावयाचे कारण नाही. झिम्मा-फुगड्यांचे वय सरले की घराचा उंबरठा एकदम उंच होतो, हे आपणांपैकी प्रत्येकीने अनुभविले आहे.

जुलैच्या आरंभी निधीसाठी गावाने जत्रा भरविली. मी नारळाच्या वड्या केल्या. त्या केकच्या टेबलावर मांडल्या तेव्हा त्यांच्याकडे कोणी फिरकेना. मग नातीने आपल्या वर्गातील एकास एक फुकट दिली, आणि तासाभरात ताट रिकामे झाले. पैशांच्या मानाने ती कमाई नगण्य. पण दुसऱ्या दिवशी दोघी जणी कृती विचारावयास आल्या, आणि त्यांतील एक त्या वृद्ध गृहस्थांची आजारी पत्नी होती. काठीच्या आधाराने येऊन तिने सगळे लिहून घेतले. चेंडूचा विषय तिनेच काढला. तिचे म्हणणे असे की गोल काढू नये, फक्त फिरवून त्याचे तोंड शेताकडे करावे. खिडकीतून मुलांचे खेळणे दिसावे, एवढीच तिची करमणूक आहे. हे सभेत कोणास ठाऊकच नव्हते. मुलीने ते चिटणीसांस लिहून कळविले. तिने गावाच्या कामासाठी लिहिलेले ते पहिले पत्र.

त्याच महिन्याच्या 19 तारखेस इंग्लंडात उष्णतेचा उच्चांक झाला. लिंकनशायरमध्ये पारा 40.3 अंशांवर गेला. आपल्या नागपूरकरांस ह्याचे हसू येईल; पण ज्या घरांत पंखा नाही आणि खिडक्या थंडीसाठी बांधलेल्या, तेथे काय होते ते आम्ही भोगले. मैदानातील गवत चहाच्या चोथ्यासारखे झाले. पत्र्याच्या घसरगुंडीचे तोंड दक्षिणेकडे, त्यामुळे ती तव्यासारखी तापली. नवी घसरगुंडी उत्तराभिमुख असावी आणि मैदानात सावलीची झाडे असावीत, ह्या दोन मागण्या त्या दिवसानंतर आपोआप पुढे आल्या.

झोपाळ्याच्या सांगाड्याविषयी मात्र दोन तट पडले. नव्या आराखड्यात जुन्या सांगाड्यास जागा नव्हती; आणि वडीलधारी मंडळी म्हणत की, आम्ही त्यावर खेळलो, आमचे आईबाप खेळले, तो काढू नये. त्याच्या एका सांध्यावर केटरिंगचे नाव ओतीव अक्षरांत होते. ते वाचून ह्यांना चैन पडेना, आणि ऑगस्टात आम्ही केटरिंगचे विक्स्टीड पार्क पाहावयास गेलो.

ह्या उद्यानाची कथा ऐकण्यासारखी आहे. चार्ल्स विक्स्टीड (1847–1931) हा केटरिंगमधील यंत्रकारखानदार. त्याने शहराबाहेर जमीन घेतली ती कामगारांसाठी आदर्श वसाहत बांधावी म्हणून. पुढे तो बेत मागे पडला आणि त्या जागी उद्यान झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात रविवारच्या शाळेतील मुलांची सहल तेथे आली असता त्यांच्यासाठी तात्पुरते म्हणून साधे झोपाळे उभारले होते. मुले त्यांना इतकी चिकटली की ते काढावयाचे राहून गेले, आणि त्यांतूनच विक्स्टीडच्या कारखान्यात झोपाळे आणि घसरगुंड्या तयार होऊ लागल्या. त्या पुढे देशोदेशी गेल्या. उद्यान 1921 साली रीतसर उघडले. आरंभीच्या घसरगुंडीवर मुलांसाठी एक बाजू आणि मुलींसाठी दुसरी अशी व्यवस्था होती असे सांगतात. मोठे तळे, छोटी आगगाडी, आणि मालकाच्या जेरी नावाच्या कुत्र्याचे दगडी स्मारक अशी शोभा तेथे आहे. आत जाण्यास पैसे पडले नाहीत, मोटार उभी करण्याचे मात्र पडले.

मला विशेष वाटले ते असे की, हा सारा उद्योग कोणा शिक्षणतज्ज्ञाच्या योजनेतून निघाला नाही. एका माणसाने मुलांस खेळताना पाहिले, आणि जे तात्पुरते होते ते काढले नाही. परत आल्यावर हे मुलीस म्हणाले, “तो सांगाडा ठेवायला सांग. फक्त साखळ्या नि बैठका बदला. लोखंड अजून शंभर वर्षं हलायचं नाही.” मुलगी आता सभांस आमच्यावाचून जाऊ लागली होती, तिने ते आपल्या शब्दांत मांडले आणि मतास टाकल्यावर ते मंजूर झाले. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही पुण्यास परत आलो, तेव्हा मैदानावर एक कुदळही पडली नव्हती.

दूरध्वनीवर बातम्या कळत. लॉटरीचा अर्ज एकदा परत आला, दुसऱ्यांदा मंजूर झाला. 2023 च्या हिवाळ्यात तिकडे अतोनात पाऊस झाला आणि काम दोन महिने थांबले. मग एके दिवशी मुलीने चर खणतानाचे छायाचित्र पाठविले. शेताच्या मालकांनी आपले खोदयंत्र आणून एका दिवसात, विनामूल्य, तो चर काढून दिला होता. ह्यांनी ते चित्र मोठे करून पाहिले आणि खडी जरा बारीक वापरली आहे असे मत दिले.

2024 च्या जून महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. फाटकापासून एक पक्की पायवाट आत जाते, दोन चाकाच्या खुर्च्या शेजारून जातील एवढी रुंद. ती अपेक्षेपेक्षा फार महाग पडली, आणि तिच्यासाठी मुलींचे छप्पर रद्द करावे लागले. पंचायतीने ते “पुढील टप्प्यात” घेऊ असे लिहून ठेविले आहे. ज्या मुलीने ते मागितले होते ती एव्हाना कॉलेजात जाऊ लागली होती. पुढचा टप्पा येईल तेव्हा तिच्या काय उपयोगाचा? पायवाट आधी हवी होती हे माझे मत आजही आहे. पण त्या दोघी मुलींस हे कोणी जाऊन सांगितले की नाही, असे मी विचारले तेव्हा कोणास नक्की आठवेना.

जुना सांगाडा हिरव्या रंगाने रंगविला आहे. त्याच्या खाली भोके असलेल्या रबरी चटया घातल्या असून त्या भोकांतून गवत वर आले आहे. मातीचा ढीग मुलांच्या म्हणण्याप्रमाणे झाला, आणि घसरगुंडी त्याच्याच उतारावर उत्तरेकडे तोंड करून बसविली, त्यामुळे पायऱ्यांचा प्रश्नच उरला नाही. लिंडनची तीन रोपे लावली, त्यांतील एक वाळले. दोरांच्या मनोऱ्यास पैसे पुरले नाहीत. गोल फिरवून शेताकडे केले आहे. त्या वृद्ध गृहस्थांची पत्नी मागील हिवाळ्यात वारली. ते सायंकाळी बाकावर येऊन बसतात आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला तर काठीने मुलांकडे ढकलतात.

टोपलीचा झोपाळा पायवाटेच्या टोकाला आहे. आम्ही गेलो त्या दिवशी चाकाच्या खुर्चीतील तो मुलगा त्यात आडवा पडला होता आणि त्याचे दोन मित्र त्यास झोके देत होते. आमची नात आता नऊ वर्षांची. मला तेथवर पोचविले आणि “आजी, तुझा नंबर यांच्यानंतर” असे सांगून ती मैत्रिणींबरोबर मातीच्या ढिगामागे नाहीशी झाली. मी माझ्या पाळीची वाट पाहत उभी राहिले. हे तोपर्यंत जुन्या सांगाड्याखाली वाकून, छत्रीच्या टोकाने गवत बाजूला करून, खालची माती ओली आहे की कोरडी ते चाचपून पाहत होते.